तुरटीतून उगवलेलं माणिक

धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात उरणच्या बाजारपेठेतल्या सराफी दुकानांत नव्या सोन्याबरोबर जुनं सोनंही येत असतं. करंजा, मोरा, केगाव, नागाव, जसखार, चिरनेर अशा गावांतून बाया रुमालात किंवा छोट्या डबीत मोड घेऊन येतात. तुटलेली साखळी, जोडीतली एकच उरलेली कुडी, हातात न जाणारी पाटली, आणि मधूनच एखादी लाल खड्याची जुनी अंगठी. सोनार ती उलटसुलट करून पाहतो, चिमट्यानं खड्याभोवतीच्या नख्या मागे सारतो, खडा बाहेर काढतो आणि उरलेलं सोनं काट्यावर ठेवतो. “खडा खोटा आहे आजी, त्याचं काही येणार नाही,” एवढंच बोलणं होतं. कुणी तो खडा कागदाच्या पुडीत बांधून परत नेतं, कुणी तिथंच सोडतं. सोनं आटणीला जातं.

यात सोनाराचं कपट नाही. मोडीच्या व्यवहारात पैसे सोन्याचेच असतात आणि बाहेर काढलेल्या जुन्या लाल खड्याला गिऱ्हाईक मिळत नाही, हे तो अनुभवानं जाणतो. पण असे पुष्कळ खडे काचेचे नसतात. ते कुरुंदाचे असतात, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, त्यात किंचित क्रोमियम. बर्माच्या डोंगरातलं माणिक ज्या द्रव्याचं असतं त्याच द्रव्याचे, तितकेच कठीण, तितक्याच घनतेचे. फरक एवढाच की ते जमिनीखाली वाढले नाहीत. ते पॅरिसमधल्या आणि पुढे स्वित्झर्लंडमधल्या भट्ट्यांत वाढले. माणसानं प्रयोगशाळेत घडवून बाजारात मोठ्या प्रमाणावर विकलेलं पहिलं रत्न हेच. आज ‘लॅब-ग्रोन’ हिऱ्याची दुकानं शहरोशहरी उघडत आहेत. या गोष्टीचं पहिलं प्रकरण आपल्या आजी-पणजीच्या बोटावर होऊन गेलं आणि आपण ते न वाचताच आटणीत टाकतो आहोत. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

अशा अंगठ्या घरात आल्या त्या बहुधा लग्नकार्यात. नवरदेवाला सासरकडून अंगठी आणि पहिल्या दिवाळसणाला जावयाला पुन्हा काहीतरी सोन्याचं, ही रीत आगरी-कोळी वस्त्यांत आहे तशीच उरण पेठेतल्या इतर समाजांतही आहे. साधं वळं देण्यापेक्षा खड्याची अंगठी दिली की देणाऱ्याचा मान राहायचा. लाल रंग शुभ, माणिक सूर्याचं रत्न, आणि तांबडा खडा पिवळ्या सोन्यात उठून दिसतो. मोठी खरेदी करायची तर उरणकर मोऱ्याच्या बंदरातून लाँच पकडून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. तिथून झवेरी बाजार फार लांब नाही. जानेवारी २०२४ मध्ये लोकल रेल्वे उरणपर्यंत आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईची पेठ इथल्या माणसाला समुद्रानं जोडलेली होती. मुंबईच्या बाजारात जे येई, ते उरणच्या लग्नात दिसायला वेळ लागत नसे.

माणकाची गोष्ट कोकणात सांगायची तर थिबा राजाला वगळून चालत नाही. जगातली सर्वांत नावाजलेली माणकं मोगोकची, उत्तर बर्मातली. त्या राज्यात ठरावीक किमतीवरचं प्रत्येक माणिक राजाच्या मालकीचं मानलं जाई. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, १८८६ च्या पहिल्या दिवशी राज्य खालसा केल्याचं जाहीर केलं, आणि त्याच वर्षी शेवटच्या राजाला, थिबाला, मद्रासहून रत्नागिरीला आणून ठेवलं. माणकांच्या खाणींचा धनी कोकणात नजरकैदेत बसला. त्याच्या खजिन्यातलं ‘न्गा मौक’ नावाचं प्रसिद्ध माणिक मंडाले पडलं त्या गडबडीत नाहीसं झालं. ते कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्यानं नेलं, असं थिबाचं म्हणणं अखेरपर्यंत होतं. तनखा पुरेना म्हणून त्याला जवळचे दागिने विकावे लागले. भाट्याच्या खाडीकडे तोंड करून असलेला थिबा पॅलेस १९१० मध्ये त्याच्या राहण्यासाठी तयार झाला. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला.

खाणी तोवर इंग्रजी कंपनीकडे गेल्या होत्या. १८८९ मध्ये लंडनमध्ये ‘बर्मा रुबी माइन्स’ उभी राहिली. रॉथ्सचाइल्ड कुटुंबाचं पाठबळ असल्यामुळे भागभांडवल घ्यायला लोकांची झुंबड उडाली. बर्मा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता आणि १९३७ पर्यंत राहिला, त्यामुळे कंपनीशी पट्ट्याचा करार झाला तो हिंदुस्थान सरकारचा. यंत्रं गेली, दऱ्यांतलं पाणी उपसलं गेलं, काही वर्षं नफाही झाला. मग १९०८ च्या सुमारास बाजार बसला. त्याची कारणं एकाहून अधिक होती. १९०७ च्या अमेरिकेतल्या आर्थिक संकटात चैनीच्या वस्तूंचं गिऱ्हाईक आटलं, खाणींचं उत्पन्नही बेभरवशाचं होतं. पण कंपनीच्या अडचणींची चर्चा होते तेव्हा आणखी एक नाव हमखास निघतं, पॅरिसच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या माणकाचं. १९२५ मध्ये कंपनी गुंडाळायला घेतली गेली, १९३१ मध्ये तिनं पट्टा परत केला. ज्या काळात थिबा रत्नागिरीत आपल्या हरवलेल्या माणकासाठी अर्ज करत होता, त्याच काळात माणिक करण्याची कृती छापून प्रसिद्ध झालेली होती.

ती कृती ज्याची, त्याचं नाव ओग्युस्त व्हर्नॉय. जन्म १८५६, डंकर्कचा. पॅरिसला रसायनशास्त्रज्ञ एडमंड फ्रेमी यांच्या हाताखाली तो शिकला. माणिक करण्याचे प्रयत्न त्याच्या आधीपासून चालू होते. १८३७ मध्ये मार्क गोदँ यानं तुरटी आणि क्रोमियमचा क्षार वितळवून लाल कण मिळवले होते, पण ते गढूळ निघाले. फ्रेमी आणि त्यांचा सहकारी फाइल यांनी १८७७ मध्ये मुशीत दीर्घकाळ तापवून खरोखरचे स्फटिक काढले. ते बहुधा पातळ पापुद्र्यासारखे निघत, मोठे खडे कापण्याजोगे नसत. मग १८८५ च्या सुमारास जिनिव्हाकडून चांगली मोठी, गडद लाल माणकं बाजारात येऊ लागली आणि अस्सल म्हणून खपली. पॅरिसच्या जवाहिऱ्यांना शंका आली. भिंगाखाली आतमध्ये गोल बुडबुडे दिसले. खाणीतल्या माणकात तसे गोल बुडबुडे नसतात. कृत्रिम असं सांगूनच ती विकावीत, असं त्यांच्या संघटनेनं ठरवलं.

ही ‘जिनिव्हा माणकं’ खऱ्या माणकाचा चुरा वितळवून जोडलेली आहेत, असा समज त्या वेळी पसरला आणि ‘रीकन्स्ट्रक्टेड रुबी’ हे नाव रूढ झालं. पुढची कित्येक दशकं दुकानदार हेच नाव सांगत राहिले, कारण ‘खऱ्या माणकाचाच चुरा’ असं म्हटलं की गिऱ्हाइकाला बरं वाटे. कुर्ट नासाऊ आणि रॉबर्ट क्राउनिंगशील्ड या रत्न-अभ्यासकांनी १९६९ मध्ये जुने नमुने तपासले, तेव्हा ती समजूत टिकली नाही. चुऱ्याचं माणिक कधी बनलंच नव्हतं. ती सगळी शुद्ध रसायनांच्या पुडीपासून केलेली होती.

व्हर्नॉयनं जिनिव्हाच्या खड्यांकडे बारकाईनं पाहिलं आणि त्यांतला मार्ग ओळखला. मुशीत तापवलं तर मुशीचं द्रव्य मिसळतं, तडे जातात. म्हणून मूसच नको. पूड ज्वाळेतून खाली पडू द्यायची, पडता पडता वितळू द्यायची, आणि खाली वाट पाहणाऱ्या टोकावर थेंबाथेंबानं साचू द्यायची. १८९१ आणि १८९२ मध्ये त्यानं हे लिहून दोन मोहोरबंद पाकिटं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत जमा करून ठेवली. प्रयोग पक्का होईपर्यंत बाहेर एक अक्षर जाऊ दिलं नाही. १९०२ मध्ये त्याच्या साहाय्यकानं हे काम जाहीर केलं आणि १९०४ मध्ये व्हर्नॉयनं स्वतः सगळी कृती तपशिलासह छापली, अगदी भट्टीच्या रचनेसकट. तो १९१३ मध्ये वारला.

ही भट्टी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण अंगठीतल्या खड्यावर तिची खूण कायमची राहते.

कच्चा माल तुरटी. न्हाव्याच्या दुकानात आणि पाणी निवळायला आपण वापरतो ती बहुधा पोटॅशची तुरटी. हिची बहीण म्हणजे अमोनियाची तुरटी. ती पाण्यात विरघळवून पुन्हा पुन्हा स्फटिक बनवत शुद्ध करायची. त्यात क्रोमियमच्या तुरटीचा अंश मिसळायचा. मग हजार अंशांच्या आसपास भाजायची. अमोनिया आणि गंधकाचे वायू निघून जातात आणि उरते ती पिठासारखी हलकी, अतिशय बारीक पूड. ही पूड वरच्या डब्यात भरायची. डब्याच्या तळाला जाळी, आणि डब्यावर टकटक करणारी एक छोटी हातोडी. प्रत्येक ठोक्याला चिमूटभर पूड गळते आणि ऑक्सिजनच्या झोताबरोबर खाली येते. नळीच्या तोंडाशी बाहेरून हायड्रोजन मिळतो आणि खाली वळलेली ज्वाळा पेटते. कुरुंद वितळायला २,००० अंश सेल्सियसच्या वरची धग लागते. सोनाराच्या मुशीतलं सोनं १,०६४ अंशांना पातळ होतं, यावरून ती ज्वाळा काय असेल याचा अंदाज यावा.

खाली एका दांड्यावर वितळलेला थेंब बसतो. सुरुवातीला मुद्दाम अगदी बारीक देठ वाढवायचा, कारण बूड रुंद असेल तर थंड होताना तडा जातो. मग हळूहळू ज्वाळा वाढवायची, माथा घुमटासारखा फुगू द्यायचा, आणि जसजसा तो वाढेल तसतसा दांडा खाली सरकवायचा. दोनेक तासांत बारा-पंधरा कॅरटचं, पेरूसारख्या घाटाचं एकसंध माणिक तयार. आत इतका ताण असतो की देठ तोडताच ते उभं दुभंगतं. कारागीर त्या दोन फाकांतूनच पैलू पाडतात.

माथा घुमटाकार असल्यामुळे पुडीचा प्रत्येक थर वळलेला बसतो. म्हणून या खड्याच्या आत, रंगाच्या फिकट-गडद पट्ट्यांच्या रूपात, वक्र रेषा राहतात. खाणीतला स्फटिक सपाट पृष्ठांनी वाढतो, त्यात रेषा सरळ असतात आणि ठरलेल्या कोनांत मिळतात. निसर्ग कुरुंदात कमानी काढत नाही. शंभर वर्षं उलटली, किती बोटांवर अंगठी फिरली, तरी ही खूण पुसता येत नाही.

आपल्याकडे रत्नपरीक्षेचं शास्त्र जुनं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रत्नांवर अध्याय आहेत. दिल्लीच्या टांकसाळीत काम केलेल्या ठक्कुर फेरूनं १३१५ मध्ये प्राकृतात रत्नपरीक्षेचा ग्रंथ लिहिला. नकली रत्नं ओळखण्याच्या युक्त्या या परंपरेत भरपूर आहेत आणि त्या मुख्यतः काठिण्य, वजन, कांती यांवर उभ्या आहेत. काच ओरखडते, हलकी भरते, तिचं तेज मंद. या कसोट्या काचेसाठी, तामड्यासाठी (म्हणजे गार्नेटसाठी) आजही खऱ्या ठरतात. व्हर्नॉयच्या खड्यापुढे मात्र त्या चालत नाहीत, कारण हा खडा दुसऱ्या द्रव्याचा नाहीच. पिढ्यान् पिढ्या ज्या परीक्षा विश्वासानं केल्या, त्या सगळ्यांत तो उत्तीर्ण होतो. त्या काळच्या मुंबईतल्या किंवा उरणातल्या सोनारानं असा खडा अस्सल म्हणून विकला असेल तर त्याला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवं. त्याच्यापाशी असलेलं ज्ञान त्याला हेच सांगत होतं. जाणूनबुजून फसवणारेही होते. बर्मा आणि सिलोनच्या खाणभागातसुद्धा हे खडे खाणीतल्या मालात मिसळून परक्या गिऱ्हाइकांना विकले जात. खाणीच्या तोंडाशी घेतलं म्हणजे खाणीतलंच, हा भरवसाही तिथं संपला.

उत्पादन किती झपाट्यानं वाढलं ते पाहा. १९०७ मध्ये या पद्धतीनं वर्षाला १,००० किलो रत्नद्रव्य निघू लागलं होतं, म्हणजे ५० लाख कॅरट. १९१२ मध्ये ते ३,२०० किलोंवर गेलं. निळा खडा मात्र सहज वश झाला नाही. सगळ्यांनी आधी कोबाल्ट घालून पाहिलं. कोबाल्ट कुरुंदात नीट बसेना, म्हणून पॅरिस या आडनावाच्या संशोधकानं सोबत मॅग्नेशियम घातलं, आणि निळा झाला तो कुरुंद नव्हताच, स्पिनेल निघाला. त्या चुकीतूनच कृत्रिम स्पिनेलचा स्वतंत्र धंदा पुढे उभा राहिला. नीलमाचा खरा रंग लोह आणि टायटॅनियम या जोडीतून येतो हे व्हर्नॉयनं शोधलं आणि १९१० च्या सुमारास प्रयोगशाळेतलं नीलम तयार झालं. १९१४ मध्ये ह्रांत जेवाहिरजियान या आर्मेनियन माणसानं स्वित्झर्लंडमधल्या माँते इथं कारखाना काढला. तो जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक झाला.

एवढा माल फक्त अंगठ्यांत गेला नाही. घड्याळातल्या चाकांचे आस माणकाच्या बारीक छिद्रांत फिरवायची युक्ती लंडनमध्ये १७०४ पासूनची. खाणीतलं माणिक वापरावं लागे तोवर ती महागड्या घड्याळांपुरती होती. भट्टीतल्या माणकानं ती सामान्य घड्याळांत आणली. बापाच्या किंवा सासऱ्याच्या जुन्या एचएमटी जनताच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं पुष्कळांनी वाचलं असेल. ती सतरा रत्नं याच कुळातली. थिओडोर मेमननं १६ मे १९६० रोजी जगातला पहिला लेझर पेटवला तोही प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणकाच्या कांडीतून. आपल्या देशात तामिळनाडूतल्या मेट्टुपाळयमला असे खडे वाढवणारा कारखाना निघाला, आणि तिरुचिरापल्लीच्या परिसरात घरोघरी कृत्रिम खड्यांना पैलू पाडणारे हात तयार झाले. महाराष्ट्रातल्या नथींतले, कुड्यांतले, ठुशीच्या पदकातले लाल खडे आज पाहिले तर त्यांतले बहुतेक कारखान्यातलेच असतात. ते आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात गैरही काही नाही. मी ज्यांच्याविषयी बोलतो आहे ते पहिल्या तीस-चाळीस वर्षांतले. तेव्हा हे ज्ञान गावापर्यंत पोहोचलेलं नव्हतं आणि खडा महागामोलाचा समजून, जपून, चांगल्या घडणीत बसवला जात होता.

युरोपातही तसंच झालं. १९२० च्या दशकातल्या प्लॅटिनमच्या अंगठ्यांत मधोमध खाणीतला हिरा आणि भोवती एकसारख्या कापलेल्या लाल किंवा निळ्या फाकांची ओळ असते. त्या फाका पुष्कळदा भट्टीतल्या असतात. गरिबीपोटी नव्हे, इतक्या एकरंगी फाका खाणीतून जमवणं जवळजवळ अशक्य, म्हणून. लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत अशा अंगठ्या ‘कृत्रिम माणिक’ असं स्पष्ट नोंदवून विकल्या जातात आणि घडणीच्या, काळाच्या मोलावर घेतल्या जातात. आपल्याकडे मोडीच्या काट्याला घडण दिसत नाही.

उरणसारख्या गावात हे अधिक जाणवतं. गेल्या पन्नास वर्षांत इथल्या घरांनी किती उलथापालथ पाहिली ते वेगळं सांगायला नको. सिडको या शासकीय महामंडळाचं भूसंपादन, त्यातून उभं राहिलेलं जानेवारी १९८४ चं जासई-दास्तान फाट्याचं आंदोलन आणि त्यात गेलेले पाच जीव, बंदरासाठी उठलेला शेवा कोळीवाडा, १९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर. मोबदल्याचे पैसे आले तेव्हा नवं, वजनदार सोनं झालं. ते घडवताना जुनं मोडलं गेलं, कारण जुनं हलकं होतं, खड्याचं होतं, आताच्या हळदीत शोभण्यासारखं नव्हतं. शेती गेली, मिठागरं गेली, गावठाणं हलली. जुन्या घरातलं जे चिमूटभर टिकलं त्यात या अंगठ्या आहेत. प्रत्येक अंगठी जपा असं कुणाला सांगायचा मला अधिकार नाही. औषधपाण्याला, मुलीच्या शिक्षणाला सोनं मोडावं लागतं, ते त्यासाठीच असतं. पण मोडण्याआधी पाच मिनिटं पाहायला काय हरकत आहे?

पाहायचं कसं, तर दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. ते प्रत्येक सराफाकडे असतं. खडा चांगला पुसून, मागून प्रकाश येईल असा धरायचा आणि बाजूकडून आत पाहायचं. पैलूंची चकाकी आड येत असेल तर पांढऱ्या वाटीत खोबरेल तेल घेऊन खडा त्यात बुडवायचा. चकाकी कमी होते आणि आतलं दिसू लागतं. कमानीसारख्या रेषा दिसल्या की खडा भट्टीतला. गोल किंवा शेपटी असलेले बुडबुडे दिसले तरी बहुधा तसंच, मात्र काचेतही बुडबुडे असतात, तेव्हा काठिण्य तपासायला हवं. रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया एकमेकींना ठरावीक कोनात छेदताना दिसल्या, किंवा षटकोनी वळणाच्या सरळ रेषा दिसल्या, तर थांबायचं. तो खाणीतला असू शकतो, आणि मग त्याचं मोल सोन्याच्या कितीतरी पट. काही जुन्या कृत्रिम खड्यांना तापवून थंड पाण्यात टाकत, म्हणजे आत तडे जाऊन ते खाणीतल्यासारखे दिसावेत. असा खडा भिंगाखाली जाणत्यालाही चकवतो. जंबुपार प्रकाशात भट्टीतलं माणिक लालभडक चमकतं, पण बर्माचंही चमकतं. तेव्हा नुसत्या चमकीवर निकाल द्यायचा नाही.

शंका राहिली तर प्रयोगशाळेत पाठवावा. मुंबईतच जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया १९७१ पासून आहे, आणि बाकीच्याही अनेक आहेत. एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. जून २०२१ पासून सक्तीचा झालेला हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षरी क्रमांक सोन्याची शुद्धता सांगतो. खड्याविषयी तो काहीही सांगत नाही. हॉलमार्क आहे म्हणजे खडाही तपासलेला आहे, असं समजणारी माणसं मला वारंवार भेटतात.

पाठीमागून बंद कोंदण असेल तर गोष्ट कठीण. जुन्या जडावात खड्याखाली डांक लावलेली असते, चमकता पत्रा, आणि तो रंग खुलवतो तसाच आतलं झाकतोही. असा खडा घाईनं उचकटू नये. डांक फाटली की पुन्हा तशी बसवणारा कारागीर आता शोधावा लागतो. आणि डाग द्यायचा झाला, अंगठी वाढवायची झाली, तर खडा आधी काढून घ्यायला सांगावं. कुरुंद सोनाराच्या ज्वाळेला वितळत नाही, म्हणून पुष्कळजण तो जागेवर ठेवूनच डाग देतात. पण टाकणखार तापला की कुरुंदाचा पृष्ठभाग खातो आणि एकाएकी गार पडल्यास तडा जातो. उत्तम अंगठ्यांतले कितीतरी खडे असेच धुरकट झाले आहेत.

या खड्यांचा आणखी एक उपयोग आहे, जो इतिहासात रस असणाऱ्याला विशेष वाटेल. घरातल्या आठवणींची तारीख ते तपासून देतात. “ही अंगठी पेशवाईतली,” असं सांगितलं जातं आणि खड्यात कमानी दिसतात. मग तो खडा तरी १८८५ च्या आधीचा नाही, बहुतकरून १९०२ नंतरचा. निळ्या कुरुंदात कमानी दिसल्या तर १९१० च्या सुमाराआधीचा प्रश्नच नाही. कदाचित सोनं जुनं असेल आणि मूळ खडा पडल्यावर नवा बसवला असेल; तोही त्या घराचा इतिहासच. उलट दिशेनं मात्र हा पुरावा चालत नाही. व्हर्नॉयच्या पद्धतीनं खडे आजही निघतात, त्यामुळे नुसत्या कमानींवरून अंगठी जुनी ठरत नाही. वळ्याची झीज, नख्यांची घडण, पैलू पाडण्याची तऱ्हा, आणि घरच्या माणसांनी सांगितलेलं, हे सगळं एकत्र ठेवून पाहावं लागतं.

हिऱ्याकडे वळायचं तर प्रयोगशाळेतला हिरा माणकाच्या अर्धशतक मागून आला. स्वीडनमध्ये १९५३ आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डिसेंबर १९५४. पाचूही मधल्या काळात, १९३० च्या दशकात. आज सुरत आणि मुंबई या धंद्यात पुढे आहेत. २०२३ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या हिऱ्यासाठी लागणाऱ्या बीजांवरचं सीमाशुल्क काढून टाकलं गेलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला. तो कसा बनला हे उघड सांगून दिला, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आजीच्या अंगठीतल्या माणकाला तेवढं उघडपण लाभलं नाही. त्याची ओळख लपवली गेली, आणि जेव्हा कळली तेव्हा त्याला थेट काचेच्या रांगेत बसवण्यात आलं. यातलं काहीच त्या खड्याच्या वाट्याला यायला नको होतं. तुरटीच्या पुडीतून, दोन तासांत, हातोडीच्या ठोक्यांवर वाढलेला तो स्फटिक रसायनशास्त्राच्या इतिहासातली एक मोठी कामगिरी आहे, आणि ती आपल्या पेठेत पडून आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर आणखी एका प्रकारची अंगठी आढळते, ती बोटीवर नोकरीला गेलेल्या माणसांच्या घरांत. दिवसाच्या उजेडात राखाडी-निळा आणि पिवळ्या बल्बखाली जांभळट होणारा खडा. घरात त्याला ‘अलेक्झांड्राइट’ म्हणतात. खरा अलेक्झांड्राइट अतिशय दुर्मीळ आणि वेगळ्याच खनिजाचा. हा व्हर्नॉयच्या पद्धतीनंच केलेला कुरुंद असतो, क्रोमियमऐवजी व्हॅनेडियम घातलेला, आणि इजिप्तपासून कितीतरी ठिकाणी तो प्रवाशांना अलेक्झांड्राइट म्हणून विकला गेला. खाणीतल्या रत्नाच्या आतल्या सूक्ष्म कणांवरून तज्ज्ञ त्याचा देश, कधी कधी खाणही सांगू शकतात. या खड्याबाबत ते शक्य नाही. तो कुठल्याही बंदरात विकत घेतलेला असला तरी आतून सारखाच दिसतो. म्हणून अशी अंगठी घरात असेल आणि ती आणणारा माणूस अजून बोलता-चालता असेल, तर कुठल्या बोटीवर होता, कुठल्या बंदरात, कुठल्या साली, किती पैशांना घेतली, हे त्याला आत्ताच विचारून वहीत लिहून ठेवावं आणि ते पान अंगठीच्या डबीत घालावं.